वायफाय आपल्या नावावर असतं



अकोल्यातही आता एकाच कनेक्शनवर भावाचा लॅपटॉप, बहिणीचा कॉम्प्युटर, अब्बांचा मोबाइल चालतो. शेजाऱ्यानं पासवर्ड मागितला तर नाही म्हणणं जिवावर येतं.

२६ जुलै २००८. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. माग निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरात. तिथल्या अमेरिकन भाडेकरूचा काहीच संबंध नव्हता. त्याचं उघडं वायफाय दुसऱ्यानंच वापरलं होतं. तरी पोलिसांची चौकशी त्याच्यामागे लागलीच. कारण घरात कॉम्प्युटर कितीही असोत, बाहेर आयपी पत्ता एकच दिसतो. त्याच्या जागी आपल्यातलं कुणी असतं तर? सांगायला नको.

म्हणून आज घरी गेल्यावर राउटरच्या सेटिंगमध्ये जा. त्याचा पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो. तिथला कंपनीनं दिलेला 'अ‍ॅडमिन' पासवर्ड आधी बदला. तो वेगळा आणि वायफायचा वेगळा. बहुतेकजण इथंच चुकतात. डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा, डब्ल्यूपीएस बंद करा. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या. त्यानं तुमचे कॉम्प्युटर सुरक्षित राहतात, पण बाहेर पत्ता तुमचाच दिसतो. तेव्हा पाहुणे गेले की गेस्ट नेटवर्क बंद.