फोंड्याच्या विद्यार्थ्याचे पहिले संकेतस्थळ



संकेतस्थळ हा शब्द आता कोणालाही नवा राहिलेला नाही. बारावीचा निकाल असो, वीजबिल असो की जमिनीचा एक-चौदाचा उतारा असो, गोव्यातला माणूस आता प्रथम संकेतस्थळाकडे धाव घेतो. परंतु ते स्थळ कोणीतरी बसून लिहिलेले असते, आणि लिहिलेले म्हणजे अगदी अक्षराला अक्षर जोडून लिहिलेले असते, ही जाणीव फार थोड्यांना असते. ती विद्या अभियंत्यांची, आपल्या मुलांची नव्हे, अशी एक समजूत घरोघरी दिसते. फर्मागुडीच्या टेकडीवर अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे प्रवेश मिळाला म्हणजे मग पाहू, असे पालक म्हणतात. वास्तविक पहिले पान लिहिण्यास नववीतल्या मुलाचे ज्ञान पुरेसे आहे.

गोव्यातील शाळांना संगणक काही आज मिळालेला नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ उभा राहिला आणि परदेशांत वापरून झालेले संगणक येथल्या शाळांत आले. त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चालविण्याचा प्रयोगही झाला. पुढे शासनाच्या सायबरएज योजनेने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचविले. या दशकात ‘केअर्स’ या योजनेखाली सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स हे विषय आले. म्हणजे साधने आली आणि तासिकाही आली. उणीव असेल तर ती एकच: त्या साधनाने लिहावयाचे काय, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे क्वचितच ठेवला जातो. पाठ्यपुस्तकातले ‘माझे पहिले पान’ बहुधा ‘नमस्कार जग’ या दोन शब्दांवर संपते. जगाला नमस्कार केल्यावर त्याला सांगण्यासारखेही काही असावे लागते.

फोंडा तालुक्यातील मुलाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी आणि बारदेश येथील देवळांवर पोर्तुगीज राजवटीत संकट आले, तेव्हा अनेक दैवते नदी ओलांडून अंत्रुज महालात आली. हा मुलूख त्या वेळी आदिलशाहीत होता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास. हे येथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे, पण प्रत्येक घरात थोडे थोडे ठाऊक आहे. ते एका जागी, सुवाच्य मराठीत, कोणालाही वाचता येईल असे मांडावे, हे पहिल्या संकेतस्थळाचे काम होऊ शकते.

त्यासाठी लागणारी भाषा एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९८९ साली आपली कल्पना मांडली आणि १९९१ साली तेथले पहिले संकेतस्थळ बाहेरच्या जगाला खुले झाले. निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांस जोडावेत एवढाच मूळ हेतू. १९९३ च्या एप्रिलमध्ये सर्नने ही सर्व रचना कोणाकडून एक पैसा न घेता जगाच्या हवाली केली. फोंड्याच्या विद्यार्थ्याला आज साधी मजकूर-संपादकाची खिडकी आणि एक ब्राउझर एवढ्यावर आरंभ करता येतो, त्याचे मूळ त्या उदारतेत आहे. पान घरच्या संगणकावर उघडण्यास इंटरनेटचीही गरज नसते.

एचटीएमएलची रीत सोपी आहे. मजकुराच्या तुकड्याला आधी व नंतर कोनी कंसांत खूण करावयाची. या खुणेस टॅग म्हणतात. मथळ्यास एक खूण, परिच्छेदास दुसरी, दुव्यास तिसरी. अमुक मजकूर ठळक दिसावा असे टॅग सांगत नाही. अमुक मजकूर हा मथळा आहे, असे तो सांगतो. हा भेद पहिल्या दिवशी कळला तर पुढचे महिने सुखाचे जातात.

दैवतांची माहिती मांडावयाची तर तक्ता हवा. तीन स्तंभ: दैवत, मूळ गाव, आजचे ठिकाण. ‘टेबल’ या टॅगच्या पोटात प्रत्येक ओळीसाठी ‘टीआर’ आणि ओळीतील प्रत्येक घरासाठी ‘टीडी’. विद्यार्थी मंगेशाची ओळ लिहितो, शांतादुर्गेची लिहितो, हात बसत जातो. मग बांदिवड्याचा नागेश येतो आणि गाडी अडते. नागेशाचे देऊळ मुळापासून तेथेच आहे. तो कोठूनही आलेला नाही. तेथे १४१३ सालचा शिलालेख आहे, म्हणजे पोर्तुगीज भारतात येण्याच्या सुमारे पंच्याऐंशी वर्षे आधीचा. आता ‘मूळ गाव’ या घरात काय लिहावे? घर मुळी लिहिलेच नाही तर पुढचे नाव एक घर डावीकडे सरकते आणि ओळ शेवटी लंगडी पडते. रिकामे घर लिहिले तर वाचकास वाटते, माहिती मिळालेली नाही. दोन्ही घरांत बांदिवडे लिहिले तर हा देवही स्थलांतरित आहे की काय, असा भ्रम होतो. एचटीएमएलमध्ये यावर तोड आहे. ‘कोलस्पॅन’ हा शब्द लिहून त्याची किंमत दोन दिली की दोन घरांचे एक घर होते, आणि त्यात ‘बांदिवडे, मुळापासून येथेच’ असे लिहिता येते. विद्यार्थी येथे एक तांत्रिक शब्द शिकला हे खरे. परंतु तो शब्द त्याला लागला तो नागेश हलला नाही म्हणून. अशा रीतीने शिकलेला शब्द परीक्षेनंतर विसरला जात नाही. दोन स्तंभांत न मावणारी ओळ प्रत्येक गावात सापडते. फोंड्यातच आदिलशाही काळातली, १५६० च्या सुमाराची सफा मशीद आहे; तिलाही मूळ गाव आणि आजचे गाव असे दोन स्तंभ नकोत. तिच्यासाठी मुलाने दुसरे पान लिहावे आणि दोहोंमध्ये दुवा जोडावा. दुवा ही तर या सर्व विद्येतली मुख्य युक्ती. कवळे या शब्दावर बोट ठेवले की केळशीचे पान उघडावे!

येथवर सारे सुरळीत चालते. खरी परीक्षा लिपीची.

पान लिहून झाले, जतन केले, उघडले. घरी मराठी स्वच्छ दिसते. तेच पान इंटरनेटवर ठेवले आणि मित्राने पाहिले, तर ‘कवळे’च्या जागी भलतीच रोमन अक्षरे. त्यांत उलटी मात्रा दिलेला ‘आ’ पुनःपुन्हा येतो. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या पिढीला ते अक्षर चांगले ओळखीचे. त्याच्या शेजारी कधी एक गोल नाणेचिन्ह, कधी जपानी येन. विद्यार्थी घाबरतो, आपण काही मोडले असे त्याला वाटते. मोडलेले काहीच नसते. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत प्रत्येक अक्षरास एक क्रमांक आहे. ‘क’चा २३२५, ‘ळ’चा २३५५. ‘कवळे’ हा आपल्या कानाला तीन अक्षरांचा शब्द यंत्राला चार चिन्हांचा असतो, कारण मात्रा वेगळी मोजली जाते; आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून शब्द बारा बाइटांचा होतो. ते बाइट कोणत्या पद्धतीने वाचावेत हे पानाने सांगितले नाही, तर ब्राउझर आपल्या अंदाजाने वाचतो. अंदाज कधी बरोबर येतो, कधी चुकतो. पानाच्या डोक्यावर ‘मेटा’ टॅगमध्ये ‘यूटीएफ-८’ असे एकदा लिहिले की हा खेळ संपतो. इंग्रजी पान लिहिणाऱ्यास या ओळीवाचून बहुधा काही अडत नाही, म्हणून इंग्रजी पुस्तकांतून शिकविताना ती घाईने उरकली जाते. मराठी मुलाला मात्र ती पहिल्या धड्यातच शिकविली पाहिजे.

दुसरी ओळ भाषेची. पानाच्या आरंभीच ‘लँग’ या शब्दापुढे ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहिली की पान मराठी आहे हे यंत्रास कळते. अंधांसाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी प्रणाली मग मराठी उच्चार निवडू शकते. काही टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आपोआप उमटतात, एरवी हिंदी वळणाची येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा जो आदेश काढला त्यात या वळणांचा आग्रह होता. आदेश निघाला तरी पानावर ही दोन अक्षरे कोणीतरी लिहावी लागतातच.

या दोन ओळींचे मोल कळण्यासाठी गोव्याने दूर जाण्याची गरज नाही. छापखाना या देशात प्रथम आला तो १५५६ साली गोव्यातच. तरीही फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा तो ग्रंथ, १६१६ साली रायतूर येथे छापला गेला तो रोमन अक्षरांत. देवनागरीचे खिळे नव्हते. मराठीवर एवढे प्रेम करणाऱ्या कवीचा ग्रंथ, आणि मराठी लिपी जाणणाऱ्याला तो वाचता येऊ नये! भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली, त्यानंतरच्या पहिल्या वर्षांत हीच अडचण निराळ्या रूपात आली. प्रत्येकाचा टंक वेगळा, प्रत्येक टंकाचे संकेत वेगळे. रोमन अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसविलेले. तो टंक ज्याच्याजवळ नाही त्याला सारा कचरा दिसे. त्या काळातली कितीतरी मराठी पाने आज कोणाला वाचता येत नाहीत, आणि शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत. अजूनही एखाद्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची जुनी फाइल विद्यार्थ्याने उघडून तिच्यातला मजकूर आपल्या पानात उतरविला, तर तेथे रोमन अक्षरांची खिचडी उतरते. मग कोणी सुचवितो, स्मरणिकेचे छायाचित्रच पानावर लावा. हा सोपा मार्ग निग्रहाने टाळावा. छायाचित्रातले अक्षर शोधयंत्राच्या हाती सहसा लागत नाही, अंधाला ऐकू येत नाही आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ओळी मोडून बसत नाहीत. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने मिळतात. ती जोडाक्षरे बिघडवतात, रफार चुकवितात. म्हणून नंतर एकाने वाचावे आणि दुसऱ्याने तपासावे, हे जुनेच काम पुन्हा करावे लागते.

रंगरूपाची भाषा सीएसएस. तिची कल्पना नॉर्वेच्या होकोन व्यूम ली यांनी १९९४ साली मांडली. तिच्यात मुले रमतात, फार रमतात. मथळ्याला केशरी की हिरवा यात एक शनिवार सरतो. त्यांना दोनच सूचना द्याव्यात. देवनागरीस वेलांटी वर आणि उकार खाली असतात, म्हणून ओळींमध्ये अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे. आणि अक्षराअक्षरांत अंतर कधी वाढवू नये, कारण शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. जावास्क्रिप्ट ही तिसरी भाषा, १९९५ सालची. पहिल्या स्थळाला तिची गरज नाही.

चुका होतात. बंद करावयाचा टॅग राहून जातो आणि अर्धे पान मथळ्याएवढे मोठे होते. ब्राउझर स्वभावाने सोशिक असल्यामुळे तो तक्रार करीत नाही, सावरून घेतो, आणि म्हणूनच चूक लपते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने पान तपासून देणारे साधन विनामूल्य ठेवले आहे. ते ओळीचा क्रमांक देऊन चूक दाखविते. ते न रागावता दाखविते, एवढाच त्याचा शिक्षकापेक्षा विशेष.

आता कोणी विचारील, कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले तर हे सर्व पान ती क्षणात लिहून देते; मग मुलाने बोटे का झिजवावीत? ती लिहून देते, हे खरे आहे. तक्ताही नेटका करून देते. परंतु तीन स्तंभांचा तक्ता मागितला की नागेशाच्या ओळीतही ती कोठले तरी गाव भरून देण्याचा संभव असतो. ती चूक ओळखण्यास बांदिवडे ठाऊक असावे लागते, आणि दुरुस्त करण्यास ‘टीडी’ कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते कळावे लागते. दोन्ही गोष्टी नववीतल्या मुलाच्या आवाक्यात आहेत.

पान तयार झाल्यावर ते ठेवण्यासाठी विनामूल्य जागा मिळते. ठेवण्यापूर्वी छायाचित्रे लहान करावीत. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र कित्येक मेगाबाइटचे असते आणि डोंगरआडच्या गावात ते उघडता उघडत नाही. छायाचित्रात काय दिसते ते ‘ऑल्ट’ या शब्दापुढे मराठीत लिहावे. दीपमाळेचे चित्र असेल तर ‘दीपमाळ’ लिहावे, ‘चित्र १’ नव्हे. दुसऱ्या कोणी काढलेले छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय लावू नये.

मग कधीतरी कुठ्ठाळीहून किंवा वेर्ण्याहून एखादा वृद्ध वाचक कळवील की तक्त्यातले एक नाव आमच्या वाड्यात असे म्हणत नाहीत, निराळे म्हणतात. विद्यार्थ्याने ती फाइल पुन्हा उघडावी, ती ओळ शोधावी, आजोबांना विचारावे, आणि दोन्ही नावे लिहून ती जतन करावी.