लोकांची लिपी आणि माणसाची प्रतिष्ठा



मध्ययुग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजे, किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. परंतु कोणत्याही युगाची खरी परीक्षा घ्यावयाची असेल तर दोनच प्रश्न विचारले पाहिजेत. त्या युगात ज्ञान कोणाच्या हाती होते? आणि श्रम करणाऱ्या माणसाला माणूस म्हणून काही मान होता काय?

चौदावे आणि पंधरावे ही दोन शतके जगभर उलथापालथीची होती. १३४७ ते १३५१ या काळात युरोपात प्लेगने अगणित माणसे मेली. जे कामकरी उरले त्यांच्या श्रमाचे मोल वाढले, आणि १३८१ साली इंग्लंडचे शेतकरी भूदास्य नष्ट करा म्हणून उठले. १३६८ साली चीनमधील मंगोल सत्ता कोसळली. याच काळात कोरियात जे घडले ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे; कारण त्यात धर्म, विद्या आणि जन्मावरून लादलेली हीनता हे तिन्ही विषय एकत्र आले आहेत.

कोरियात १३९२ पर्यंत गोर्यो घराण्याचे राज्य होते. त्या राज्यात बौद्ध धर्माला राजाश्रय होता. १३७७ साली चोंगजू गावाजवळच्या एका विहारात धातूच्या सुट्या खिळ्यांनी ‘जिकजी’ नावाचा बौद्ध ग्रंथ छापला गेला. गुटेनबर्गचे बायबल त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी छापले गेले. ही गोष्ट अभिमानाची खरी. परंतु तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोठमोठ्या विहारांकडे विस्तीर्ण जमिनी होत्या आणि त्या जमिनींवर राबणारे गुलामही होते. ग्रंथ चिनी अक्षरांत होते. ती शिकावयास वर्षानुवर्षे लागत. ज्याने माणसामाणसांतील भेद नाकारला त्या बुद्धाचे नाव घेणारे विहार गुलाम बाळगीत होते, आणि त्याची वाणी गुलामाला वाचता येत नव्हती. जो धम्म लोकांपासून तुटतो त्याला राजाश्रय किती दिवस तारणार? नवे जोसन घराणे आले, त्याने कन्फ्यूशियसच्या मताचा पुरस्कार केला आणि विहारांच्या जमिनी व गुलाम काढून घेतले. १४२४ साली सरकारमान्य विहार अवघे ३६ ठेवण्यात आले.

हा आदेश ज्याच्या कारकिर्दीत निघाला त्या सेजोंग राजानेच पुढे एक अपूर्व कार्य केले. सामान्य प्रजेला आपल्या मनातील गोष्ट लिहून सांगता येत नाही, हे त्याला सलत होते. १४४३ च्या अखेरीस त्याने २८ अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती जाहीर केली. तीच आज हंगुल म्हणून ओळखली जाते. उच्चार करताना जीभ, ओठ, दात व कंठ यांची जी ठेवण होते तिच्यावरून मूळ व्यंजनांच्या आकृती घेतल्या आहेत. शहाणा माणूस ती एका सकाळीत शिकेल आणि मंदबुद्धीलाही दहा दिवस पुरतील, असे तिच्या विवरणग्रंथात सांगितले आहे.

अशा लिपीचे स्वागत व्हावयास हवे होते. पण १४४४ साली छे मान-री आणि इतर दरबारी विद्वानांनी राजाकडे विरोधाचा अर्ज केला. स्वतंत्र लिपी वापरणे हे रानटी जमातींचे लक्षण होय, असा त्यांचा आक्षेप होता. निरक्षर आरोपीला आपला जबाब वाचून कळला तर अन्याय टळेल, हे म्हणणेही त्यांनी फेटाळले. न्याय तुरुंगाधिकाऱ्याच्या गुणावर अवलंबून असतो, लिपीवर नव्हे, असे ते म्हणाले. या युक्तिवादाचे मर्म ओळखा. ज्याच्या हाती विद्येची किल्ली असते तो नेहमी म्हणतो, तुम्हाला वाचावयाचे कशाला, आम्ही चांगले असलो म्हणजे पुरे!

या नव्या लिपीत लिहिल्या गेलेल्या अगदी पहिल्या ग्रंथांत बुद्धाचे चरित्र आहे. १४४६ साली राणी मरण पावली. तिच्या स्मरणार्थ राजपुत्र सुयांगने ते १४४७ साली सिद्ध केले. पुढे तोच राजा झाला आणि १४६१ साली त्याने बौद्ध सूत्रांचे लोकभाषेत भाषांतर करून ती छापण्यासाठी एक कचेरी स्थापिली. वरिष्ठ वर्ग या लिपीला हलकी म्हणून हिणवीत राहिला; स्त्रियांनी आणि सामान्य जनांनी ती जतन केली. १५०४ साली एका जुलमी राजाविरुद्ध याच लिपीतील निनावी पत्रके लागली, तेव्हा त्याने तिच्यावर बंदी घातली. अखेर १८९४ साली तिला सरकारी दप्तरात स्थान मिळाले.

आता या इतिहासाचा दुसरा धडा ऐका. कोरियात जनावरे कापणारा, कातडी कमावणारा आणि टोपल्या विणणारा एक बहिष्कृत वर्ग होता. १४२३ साली सेजोंगने आज्ञा केली की, या लोकांना जुन्या हीन नावाने न संबोधता ‘पेकजोंग’ म्हणावे. पेकजोंग म्हणजे साधा प्रजाजन. परिणाम काय झाला? इतर प्रजेने त्यांना ‘नवे पेकजोंग’ म्हणून वेगळे काढले, आणि कालांतराने तो चांगला शब्दच शिवी होऊन बसला! नाव बदलले, पण वस्ती वेगळीच राहिली, धंदा तोच राहिला, रोटी-बेटीचा व्यवहार बंदच राहिला. १८९४ साली कायद्याने हे भेद रद्द केले, तरी त्यांच्या मुलांना शाळेत घेण्यास विरोध होतच राहिला. तेव्हा १९२३ साली, म्हणजे त्या राजाज्ञेनंतर बरोबर पाचशे वर्षांनी, जिंजू शहरात पेकजोंगांनी समतेसाठी ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना उभारली. तिच्या नावात तराजू आहे. खाटकाच्या हातातील तराजू हेच त्यांनी न्यायाचे चिन्ह केले.

बंधू-भगिनींनो, वरून दिलेले नाव पाचशे वर्षांत जे करू शकले नाही त्यासाठी त्या लोकांना स्वतः संघटित व्हावे लागले. आपणही नवे नाव धारण केले आहे. ते नाव कोणी राजाने दिलेले नाही, आपण स्वतः स्वीकारलेले आहे, हा मोठा भेद होय. तथापि नावाला अर्थ येतो तो आचरणाने आणि विद्येने. घरातील मुलगा आणि मुलगी दोघांच्याही हाती पुस्तक द्या. धम्माचे वचन स्वतः वाचा, समजून घ्या, मगच माना. जुन्या धन्याच्या दारी जुन्या रीतीने उभे राहू नका. असे वागलो तरच आपले नाव कोणालाही शिवी म्हणून उच्चारता येणार नाही.