पाण्यात नको रॉकेलमध्ये
(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत आणि "कुठं थांबायचं ते लक्षात ठेव" असंही बजावलं आहे. गंमत म्हणजे माझा आजचा विषय तोच आहे : कुठं थांबायचं.

आपल्या रसायनच्या सरांची शनिवारची सकाळची शाळा आठवते ना? घटक चाचणीचे पेपर तपासून सर वैतागले होते. उत्तरं बरोबर, पण सगळी एका दमात लिहिलेली. सोन्यापासून सुरू झालेलं वाक्य पाऱ्यापर्यंत पोचलं तरी मध्ये एक टिंब नाही. सरांनी तो गठ्ठा उचलला आणि थेट मराठीच्या बाईंपुढं नेऊन ठेवला. त्यातून त्या दोघांनी मिळून जो उद्योग काढला, तो आपल्यापैकी कुणीही विसरलेलं नाही.

सर धातूंवरची पाच वाक्यं सांगायचे. आवाजात चढ नाही, उतार नाही, मध्ये श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत. आपण लिहायचं आणि विरामचिन्हं आपली आपण घालायची. चिन्हांचे गुण बाई देणार, रसायनाचे सर. आणि चिन्ह चुकल्यामुळं रसायन चुकलं, तर दोघंही गुण कापणार!

पहिल्याच शनिवारचं वाक्य होतं : सोडिअम पाण्यात नको रॉकेलमध्ये. निम्म्या वर्गानं लिहिलं, "सोडिअम पाण्यात नको, रॉकेलमध्ये." मी घाईघाईत लिहिलं, "सोडिअम पाण्यात, नको रॉकेलमध्ये." सरांनी माझी वही वर धरली आणि म्हणाले, "हिच्या प्रयोगशाळेत कुणी जाऊ नका." सगळा वर्ग हसला. मग सरांनी बाटलीतून सोडिअमचा तुकडा काढला, सुरीनं लोण्यासारखा कापला. आतला चकचकीत भाग बघता बघता काळवंडला. डाळीएवढा कण पाण्यात टाकल्यावर तो सूं सूं करत सैरावैरा पळाला. सर म्हणाले, "स्वल्पविराम चुकला की एवढंच होतं." डाळीएवढा होता म्हणून एवढंच.

मग दर शनिवारी नवा धातू. "पारा द्रव आहे" या तीन शब्दांपुढं पूर्णविराम दिला तर माहिती, प्रश्नचिन्ह दिलं तर शंका, उद्गारचिन्ह दिलं तर नवल. "तांबे जस्त पितळ" यात दोन्हीकडं स्वल्पविराम देणाऱ्यांना शून्य, कारण पितळ हा तिसरा धातू नव्हेच, ते पहिल्या दोघांचं संमिश्र. तिथं हवं होतं अपसारणचिन्ह : तांबे, जस्त – पितळ. अर्धविराम मला कळला तो सोन्यामुळं. "शुद्ध सोने मऊ असते; म्हणून दागिन्यात तांबे किंवा चांदी मिसळतात." दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी, तरी एकमेकांचा हात न सोडणारी.

आणि ते मोरचूद! सी यू एस ओ फोर, मग मधोमध एक टिंब, मग फाइव्ह एच टू ओ. आपण ते टिंब खालच्या ओळीवर टेकवून पूर्णविराम करून टाकायचो. सरांनी परीक्षानळीत निळे खडे तापवले. पाणी उडून गेलं, खडे पांढरे फटक पडले. वर पाण्याचा थेंब टाकला, पुन्हा निळे. ते मधलं टिंब म्हणजे स्फटिकाच्या अंगातलं पाणी आहे, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

आपल्यातल्या तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे आधीच ठाऊक होतं. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो. मिश्रण जमलं का ते बघायला लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं, ही पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया मागच्या बाकावरच्या एकानं सरांना बांधावरून समजावली होती. विट्याकडून गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलेली आपली माणसंही हेच करतात. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि द्रावणात तांबं सोडून ती परत मिळवायची.

बाईंनी तेव्हा सांगितलेली एक गोष्ट मी अजून ऑफिसात सांगते. मोडीत विरामचिन्हं नव्हती, शब्दसुद्धा एकमेकांना चिकटून यायचे. छापील मराठीत ही चिन्हं रुजली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा. म्हणजे आपल्या भाषेला ही सवय लागून दोनशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत. "तेव्हा चुकाल," बाई म्हणाल्या, "पण कळून चुका."

पुढं मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये आले. तिथं तर अर्धविराम विसरला की संगणक लगेच हटून बसतो. २२ जुलै १९६२ ला शुक्राकडं निघालेलं अमेरिकेचं मरिनर १ हे यान उडाल्यावर पाच मिनिटांच्या आत नष्ट करावं लागलं. मार्गदर्शनाच्या सूचनांमधून सुटलेल्या एका छोट्या चिन्हाचा त्यात हात होता. मी नव्या मुलांना हे सांगते, त्यांच्या कोडमधलं एकेक टिंब तपासते. ऑफिसात माझी ख्याती 'टिंबवाली मॅडम' अशी आहे.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते. हे सांगणं सोपं नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या. डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं की सकाळची अर्धी गोळी बंद करा, त्याऐवजी रात्री एक पूर्ण द्या. मी पुण्यात, मीटिंगमध्ये. टेबलाखाली फोन धरून आईला लिहिलं : सकाळी अर्धी नको रात्री एक.

आईनं वाचलं, "सकाळी अर्धी, नको रात्री एक." तिचंही बरोबर. सकाळची अर्धी आधीपासून चालूच होती. तिला वाटलं, तीच चालू ठेवायची, रात्रीची द्यायची नाही. आठ दिवस तसंच चाललं. नवव्या दिवशी बाबांना घेरी आली आणि ते जिन्याच्या पायरीवर पडले. मनगट मोडलं. दाब खूप वाढलेला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कशा देता? आईनं फोन पुढं केला, "हे बघा, लेकीनंच लिहून दिलंय."

रात्री मी पोचले तेव्हा तो निरोप मी पुन्हा वाचला. मला आधी सरांचा आवाज ऐकू आला : सोडिअम पाण्यात नको रॉकेलमध्ये. तेच वाक्य. तीच चूक. वही मात्र या वेळी बाबांची होती.

बाबा बरे झाले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत. आईला तर अजून वाटतं की चूक तिची. मी तिला कितीदा सांगितलं, चूक वाचणारीची नव्हती, लिहिणारीची होती.

तेव्हापासून औषधाचं मी एका ओळीत लिहीत नाही. सकाळची ओळ वेगळी, रात्रीची वेगळी, शेवटी पूर्णविराम. मग फोन करते आणि म्हणते, "आई, वाचून दाखव." ही युक्तीही माझी नाही. सर वही गोळा करण्याआधी म्हणायचे ना, शेजाऱ्याला वाचायला दे; त्याला कळलं तर मला कळेल.

हे मला सरांना सांगायचं होतं. पुढच्या सुट्टीत माधवनगरला गेले की जाऊन सांगू, असं दोन वर्षं म्हणत राहिले. सर आज आपल्यात नाहीत. म्हणून बाई, तुमच्यासमोर सांगते. तुम्ही दोघांनी शिकवलेलं मला येत होतं. यंत्रासाठी लिहिताना मी ते वापरत होते, आणि घरच्या माणसांसाठी लिहिताना विसरले. यंत्र अडलं की निदान सांगतं तरी. आई-वडील विचारत नाहीत. लेक कामात असेल म्हणतात आणि जमेल तसं समजून घेतात.

तुमच्यापैकी बहुतेकांचे आई-वडील आता सत्तरीच्या पुढं आहेत आणि तुम्ही माझ्यासारखेच लांब आहात. एवढंच मागते : त्यांना लिहाल ते थांबून लिहा, आणि त्यांच्याकडून वाचून घ्या.

बाई, गुण कापायचे असतील तर कापा. वही पुढं केली आहे.