अभ्यागतांची पूर्वनोंदणी : ओळख आणि अगत्य



कार्यालयाच्या फाटकावरील नोंदवही सर्वांच्या परिचयाची आहे. नाव, गाव, कोणास भेटावयाचे आणि सही, असे चार रकाने. लिहिलेले नाव खरे की खोटे, हे पडताळण्याचे साधन पहारेकऱ्याजवळ नसते. उलट आधीच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक मागून येणाऱ्यास सहज वाचता येतो. अशी वही धड ओळख पटवीत नाही, की धड गुप्तता राखीत नाही.

मुंबईच्या मंत्रालयात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. सचिवालय म्हणून उभारलेल्या आणि 1975 मध्ये मंत्रालय हे नाव मिळालेल्या या इमारतीत राज्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात. 21 जून 2012 रोजी तेथे भीषण आग लागली व जीवितहानीही झाली. अशा प्रसंगी आत कोण कोण आहे, हे ठाऊक असणे किती निकडीचे असते, ते निराळे सांगावयास नको.

2025 च्या आरंभी मंत्रालयात चेहरा ओळखणारी यंत्रणा कार्यान्वित झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अभ्यागतांसाठी ‘डिजीप्रवेश’ या मोबाईल ॲपद्वारे पूर्वनोंदणी सुरू झाली. तीत अभ्यागताने घरूनच नाव नोंदवावयाचे, आधारवरील छायाचित्राशी चेहऱ्याची जुळणी करून घ्यावयाची आणि ज्या विभागाकडे काम आहे तो निवडावयाचा. दिल्लीतील केंद्रीय मंत्रालयांसाठीही ‘स्वागतम’ या नावाची अशीच सोय आहे.

या सोयीचे मोल दुरून येणाऱ्यास अधिक कळेल. तापीपलीकडील कोसाड, किंवा खानदेशी कुटुंबांची मोठी वस्ती असलेले उधना व लिंबायत, हे सुरतेचे भाग घ्या. पोटासाठी येथे आलेल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराची शेती धुळे वा नंदुरबार जिल्ह्यात असते आणि तिच्या अर्जाचे काम मंत्रालयात अडकलेले असते. मुंबई येथून सुमारे अडीचशे किलोमीटर. गाडीभाडे आणि बुडालेली पाळी सोसून तो फाटकाशी पोहोचला आणि ‘आज प्रवेश नाही’ असे ऐकून परतला, तर त्या दिवसाची भरपाई कोणीच करीत नाही. नोंदणी कोसाडलाच झाली, तर निदान प्रवेशपत्राच्या रांगेतला वेळ तरी वाचतो.

मात्र प्रत्येकाजवळ असा मोबाईल नसतो. ज्याच्याजवळ तो नाही, किंवा ज्यास लिहितावाचता येत नाही, अशांसाठी उद्यानाकडील फाटकाशी साहाय्य खिडकीची तरतूद त्याच वेळी जाहीर झाली. ही खिडकी कशी चालते, यावरच या व्यवस्थेची खरी परीक्षा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आधारवरील छायाचित्र दहा-बारा वर्षांपूर्वीचे असते. तेवढ्या काळात उन्हातान्हात राबणाऱ्याचा चेहरा किती पालटतो! यंत्राने नकार दिला म्हणजे माणूस खोटा ठरला, असे नव्हे. तेथे बसलेल्या कर्मचाऱ्याने अन्य ओळखपत्र पाहून ‘बाबा, बसा, पाहतो’ एवढे म्हणणे हाही सुरक्षाव्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे.

दुसरी बाजू माहितीच्या जपणुकीची. चेहरा बदलता येत नाही. त्याची नोंद चुकीच्या हाती पडली, तर परवलीच्या शब्दासारखी ती पालटता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर ती बाळगू नये, हे या कायद्यामागील तत्त्व आहे. आज खासगी कारखाने, गृहसंस्था, एवढेच काय शाळाही आगंतुकांची नोंदणी मोबाईलवर करू लागल्या आहेत. त्यांच्या व्यवस्थापकांनीही तत्त्व हेच धरावे. पालकाला वर्गशिक्षकाची भेट घ्यावयाची, तर त्याचा आधार क्रमांक कशाला हवा?

गावोगावच्या शिक्षकांनी व ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. नोंदणी अभ्यागताच्याच मोबाईल क्रमांकावर करून द्यावी. पडताळणीसाठी येणारा ओटीपी अन्य कोणास सांगू नये, हे त्यास बजावावे. दुकानातून नोंदणी केली, तर आधारची छायाप्रत तेथे मागे ठेवू नये; प्रत द्यावीच लागली, तर केवळ शेवटचे चार अंक दिसणारी झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. वृद्ध मंडळींचे जुने छायाचित्र आधार केंद्रावर जाऊन आधीच बदलून घ्यावे. प्रवेशाच्या वेळा वेळोवेळी बदलतात. म्हणून गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात आणि मूळ ओळखपत्र व अर्जाची पोच सोबत ठेवावी.