पालखीच्या वाटेवरचा संसार



आमचे करमाळा म्हणजे दुष्काळी तालुक्याचे गाव. कमलादेवीचे मंदिर आणि तिथली शहाण्णव पायऱ्यांची विहीर पाहायला लोक येतात. पण आमच्या गावाची आणखी एक ओळख आहे. दरवर्षी आषाढी वारीच्या आधी त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी आमच्या गावावरून पंढरपूरला जाते. नाशिक, राहुरी, नगर, करमाळा, जेऊर आणि पुढे पंढरपूर, अशी तिची वाट. लहानपणी अब्बांच्या खांद्यावर बसून मी ती पालखी पाहिली. पुढे मीच वारकऱ्यांना पाण्याचे तांबे भरून देऊ लागलो. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांचे ते ठरलेले काम होते.

आज मी तुम्हाला याच वाटेवर घडलेल्या एका संसाराची गोष्ट सांगणार आहे. तो संसार एका ख्रिस्ती कुटुंबाचा आहे, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा.

टिळकांशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही, ती कानातून झाली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक ख्रिस्ती गुरुजी राहत. संध्याकाळी कंदील लावला की ते पेटी काढायचे, बाई टाळ धरायच्या. मी उंबऱ्यावर बसून ऐकायचो. चाल अभंगाची, शब्द मराठमोळे. मला वाटायचे, हे तुकोबांचेच काहीतरी आहे. एकदा मी विचारले, ‘‘गुरुजी, हा कुठला अभंग?’’ ते म्हणाले, ‘‘अरे, हे टिळकांचं भजन. प्रभू येशूचं.’’ मी घरी येऊन अम्मीला सांगितले. अम्मी म्हणाली, ‘‘भजन आहे ना? मग ऐकलं तर ऐकलं. अभ्यास केलास का?’’

तिच्या त्या एका वाक्याने माझा पुढचा रस्ता सोपा केला, असे आज वाटते.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८८० साली त्यांचे लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची. वय अकरा-बारा वर्षांचे. माहेरचे नाव मनकर्णिका, सासरी लक्ष्मी. तिच्या माहेरी सोवळ्याचा कहर होता. आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना विटाळाचे असे काही वेड लागले, की बाजारातून आलेले मीठसुद्धा ते धुऊन घ्यायला लावत. धुतलेल्या मिठाचे काय होत असेल, ते कुठल्याही गृहिणीला विचारा. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सगळे हसत हसत सांगितले आहे. पण त्या हसण्याखाली एका लहान मुलीचे काय हाल झाले असतील, हे वाचणाऱ्याला कळतेच.

आणि नवरा मिळाला तो दुसऱ्या टोकाचा. कवी, वक्ता, पंडित, पण घरात पाय ठरत नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. हातात पैसा आला की कोणाला तरी देऊन मोकळा. राग आला की घर सोडून चालता. आम्हा कवी मंडळींच्या बायका हे वाचून एकमेकींकडे पाहून मान हलवतील, याची मला खात्री आहे.

टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते. डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणे झाले आणि त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. डोंगरावरचे प्रवचन वाचताना टिळकांना आपल्या मनातल्या प्रश्नांची उत्तरे सापडू लागली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. एका माणसाला त्याचा देव सापडला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या वेळी त्याची बायको कुठे होती? ती माहेरच्या माणसांत होती, पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू होता, आणि तिला ही बातमी दुसऱ्यांकडून कळली. त्या काळात ब्राह्मणाघरच्या बाईचा नवरा ख्रिस्ती होणे म्हणजे काय? नवरा जिवंत, पण संसार संपलेला. कुंकू आहे, पण ते लावायचे कोणाच्या नावाने? लक्ष्मीबाई वेड्यासारख्या झाल्या. माणसांनी त्यांना सांभाळले आणि नेऊन ठेवले कुठे, तर पंढरपूरला, बहिणीच्या घरच्यांकडे.

मी टिळकांचा चाहता आहे. पण ही गोष्ट मला आजही पटत नाही. श्रद्धा ज्याची त्याची असते हे खरे, पण तिची किंमत शेजारच्या माणसालाही मोजावी लागते. ती मोजायला लावण्याआधी त्याला विचारायला नको का? टिळकांना हे कळत नव्हते असे नाही. पत्नीच्या ओढीने ते तळमळत होते, पत्रे लिहीत होते, भेटायला येत होते. लक्ष्मीबाईही या ताटातुटीत शब्द जुळवू लागल्या. जेमतेम अक्षरओळख असलेली बाई दुःखाने कवी झाली. पण जवळजवळ पाच वर्षे हा संसार मोडूनच होता.

मग लक्ष्मीबाईंनी एक निर्णय घेतला. तो मला टिळकांच्या निर्णयापेक्षाही मोठा वाटतो. त्या नवऱ्याकडे गेल्या, पण धर्म बदलून गेल्या नाहीत. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्या आपले सोवळे घेऊन राहिल्या. आपले पाणी आपण भरायचे, आपला स्वयंपाक आपण करायचा. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली ब्राह्मणी, असा तो संसार सुरू झाला. आणि टिळकांनी या वेळी चूक केली नाही. त्यांनी जबरदस्ती केली नाही, घाई केली नाही. बायकोच्या अटी मान्य करून ते राहिले.

बदल झाला तो बाईंच्या आतून. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने हा प्रश्न विचारावा, ही साधी गोष्ट नव्हे. देवाने माणसे केली, जाती माणसाने केल्या, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या दिवशी सोवळे सुटले. सगळ्यांच्या हातचे खाणे-पिणे सुरू झाले. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी जात गेली, मग धर्म आला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता वाट आठवा. नाशिक, राहुरी, नगर, करमाळा, पंढरपूर. माहेर नाशिकजवळ, विरह पंढरपुरात, पुन्हा मांडलेला संसार नगरला, बाप्तिस्मा राहुरीला. या बाईचे आयुष्य निवृत्तिनाथांच्या पालखीच्या वाटेवरच मागेपुढे होत राहिले. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. कारण या वाटेवर जे वाजते, तेच त्या दोघांच्या भजनात उतरले.

टिळकांच्या आधीही मराठी ख्रिस्ती मंडळी गात होती. नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारखे ख्रिस्ती कीर्तनकार होऊन गेले. त्याहून मागे गेलो तर १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले, तेही ओवीत. पण मिशनच्या देवळांतून पुष्कळदा ऐकू यायची ती इंग्रजी गीतांची भाषांतरे, इंग्रजी चालींवर बसवलेली. आता इंग्रजी भाषेत शब्दाच्या एका अक्षरावर जोर पडतो आणि चाल त्या जोरावर चालते. मराठीत तसा आघात नाही. त्यामुळे शब्द मराठी असला तरी चालीच्या रेट्याने तो भलत्याच ठिकाणी तुटायचा. शेतातून आलेल्या माणसाला ते गाणे परके वाटले, तर त्याचा काय दोष?

टिळकांनी अभंग घेतला. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. इतके साधे माप. दळताना म्हणता येते, चालताना म्हणता येते, अक्षर न येणाऱ्यालाही पाठ होते. शेवटचा चरण आखूड, म्हणून तिथे श्वास घ्यायला जागा मिळते आणि टाळ वाजतो. टिळकांनी ख्रिस्ताला या मापात बोलावले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत सन्मानाने आणून बसवले. ‘अभंगांजली’ लिहिली. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. ‘ज्ञानोदय’ हे १८४२ साली नगरला सुरू झालेले पत्र. त्याच्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी अखेरच्या वर्षांत केले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणारा माणूस आपल्या मातीतला राहिला पाहिजे, हा त्यामागचा ध्यास होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले.

पण घरातले संगीत थांबले नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केले होते. दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. ते पुढे कोणी नेले? ज्या बाईने नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी ऐकून हंबरडा फोडला होता, तिने. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ साली त्या गेल्या. जो दत्तू पदरात होता, तोच देवदत्त आईवडिलांचे लिखाण सांभाळणारा झाला.

श्रोतेहो, मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. पुष्कळ ठिकाणी कार्यक्रमानंतर कोणी तरी प्रेमाने जवळ येते आणि म्हणते, ‘‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’’ मी आभार मानतो. पण मनात येते, आईच्या अंगणात खेळणाऱ्या पोराला कोणी ‘तुला अंगण छान ओळखीचं आहे’ असे म्हणते का? आमच्याच शेजारच्या नगर जिल्ह्यात श्रीगोंद्याला सतराव्या शतकात शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, ओव्या रचल्या, अभंग रचले. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्ही नवीन काही करत नव्हतो, जुनेच पुढे नेत होतो. मला टिळक जवळचे वाटतात ते यासाठी. धर्म बदलला म्हणून त्यांना भाषा बदलावी लागली नाही. उलट ज्यांना वाटत होते की ख्रिस्ती म्हणजे साहेबाचा माणूस, त्यांना टिळकांनी टाळाने उत्तर दिले.

शेवटी पुन्हा आमच्या गुरुजींकडे येतो. काही वर्षांपूर्वी गुरुजी वारले. रात्री घरी भजन होते. बाई म्हणाल्या, ‘‘टाळ धरायला माणूस नाही. तू धरशील का?’’ मी क्षणभर घुटमळलो. आमच्यातले काय म्हणतील? त्यांच्यातले काय म्हणतील? मग अम्मीचे ते वाक्य आठवले. मी बसलो. पेटी कोणी नातलग वाजवत होता, सूर जरा चुकत होता. पण चौथ्या चरणावर सगळ्यांचा टाळ बरोबर एका ठिकाणी पडत होता.

पहाटे घरी आलो तेव्हा फजरची अजान होत होती. हात-पाय धुतले आणि नमाजला उभा राहिलो. मनाला कुठे खटकले नाही.

येत्या आषाढात पालखी पुन्हा आमच्या गावावरून जाईल. मी पाण्याचा तांबा घेऊन उभा असेन. वारकऱ्यांचा अभंग कानी पडेल, तेव्हा याच वाटेवर मोडलेला आणि याच वाटेवर पुन्हा जोडलेला तो संसार मला आठवेल. तुम्हालाही तो आठवावा, एवढीच इच्छा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)