औषध, मज्जातंतू आणि पुणेकराचे ताट



मधुमेहावर व्याख्यान द्यावयाचे म्हणजे साखर, भात आणि बटाटा यांची निंदा करावयाची, असा एक समज आहे. आज आम्ही ती वाट सोडणार आहोत. रोगाविषयी पुष्कळ बोलले जाते. आम्हांस त्याच्या औषधाविषयी बोलावयाचे आहे. तेही औषधाची भीती घालण्यासाठी नव्हे, तर ते डोळसपणे घ्यावे एवढ्यासाठी.

हे औषध म्हणजे मेटफॉर्मिन. या सभागृहात असे घर क्वचितच असेल, की जेथे ते पोहोचले नाही. त्याचे कूळ युरोपातील गॅलेगा नावाच्या एका रानवनस्पतीपर्यंत जाते. १९२२ साली ते रसायनशाळेत तयार झाले आणि १९५७ साली पॅरिसच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी मधुमेहावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली बाहेर आले. त्यांत मेटफॉर्मिन घेणाऱ्या स्थूल मधुमेहींमध्ये मृत्यूचे प्रमाण, केवळ पथ्यावर भिस्त ठेवणाऱ्यांच्या मानाने, ३६ टक्क्यांनी कमी आढळले. स्वस्त, जुने आणि गुणी असे हे औषध आहे. त्याचे हे ऋण आधी मान्य करूनच पुढे जाऊ.

परंतु गुणी माणसाला एखादी खोड असावी, तशी यालाही एक आहे. हे औषध दीर्घकाळ घेतले असता शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ लागते. अन्नातील ब-१२ जठरातून पाझरणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जाते आणि तेथे कॅल्शियमच्या साहाय्याने शोषले जाते. या शेवटच्या पायरीवर मेटफॉर्मिन अडथळा आणते, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. हॉलंडमध्ये ३९० मधुमेहींवर सुमारे सव्वाचार वर्षे एक चाचणी झाली. इन्सुलिनच्या जोडीला मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे ब-१२, नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांच्या मानाने, १९ टक्क्यांनी घटले. ही चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली.

आता कोणी म्हणेल, घटले तर घटले. त्याने बिघडते काय? आपल्या मज्जातंतूंवर विजेच्या तारेवर असावे तसे एक वेष्टन असते. ते शाबूत राहण्यास ब-१२ लागते. ते संपले की प्रथम तळपायांना मुंग्या येतात, मग बधिरता. आणखी पुढे, क्वचित प्रसंगी, मज्जारज्जूलाच इजा पोहोचते. मग पाय कोठे पडतो हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून कळत नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, अंधारात चालणे कठीण होते. स्मरण आणि मन यांवरही परिणाम होऊ शकतो. ब-१२ घटणे ही नित्याची गोष्ट आहे. मज्जारज्जूची इजा विरळा. पण ज्याच्या घरी ती आली, त्याला विरळेपणाचे समाधान काय!

येथेच खरी मेख आहे. तळपायांना मुंग्या येणे हे मधुमेहाचेही लक्षण आहे. त्यामुळे रोगी म्हणतो, "साखरच वाढली असेल," घरचे म्हणतात, "वय झाले," आणि कधी वैद्यही हेच म्हणतो. चोर यजमानाचाच अंगरखा घालून घरात वावरावा, तसे हे आहे. मधुमेहाची इजा मागे वळवणे अवघड. ब-१२च्या अभावाची इजा मात्र वेळीच ओळखली तर साध्या इंजेक्शनांनी वा गोळ्यांनी थांबते, पुष्कळदा भरूनही येते. उशीर झाला तर काही अंश कायमचा राहतो. म्हणजे भरून येणारे नुकसान न भरणाऱ्याच्या खाती मांडले जाते, हा खरा तोटा.

हा प्रश्न पुण्याने विशेष मनावर का घ्यावा? ब-१२ हे वनस्पतीत तयार होत नाही. ते मांस, मासे, अंडी यांत आणि काही प्रमाणात दूधदह्यात मिळते. येथल्याच के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ६७ टक्क्यांचे ब-१२ कमी होते; शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचे! हॉलंडच्या माणसाची कोठी भरलेली असते; तीतून पाचवा हिस्सा गेला तरी निभावते. आमची कोठी आधीच तळाला लागलेली. तेथून तेवढाच वाटा गेला तर उरते काय, याचा हिशेब मांडावयास गणिती नको.

शाकाहार सोडा, असे आम्ही सुचवीत नाही. ती ज्याच्या त्याच्या श्रद्धेची बाब आहे. आमचे मागणे इतकेच, की ताटात जे नाही ते बाहेरून घ्यावे लागेल, हे ओळखावे.

आणखी दोन चकवे सांगतो. पहिला, रक्त चांगले आहे म्हणून निश्चिंत राहणे. फॉलिक आम्लाच्या गोळ्या चालू असल्या की पंडुरोग झाकला जातो, पण मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते. दुसरा, गोळीचे नाव. पुष्कळ गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात. वेष्टनावर बारीक अक्षरांत मेटफॉर्मिन लिहिलेले असते आणि घेणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो. तशात पित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील, तर त्याही ब-१२चे शोषण कमी करतात.

मग करावे काय? औषध आपल्या मनाने मुळीच बंद करू नये. काही वर्षे मेटफॉर्मिन चालू असेल, मुंग्या, बधिरता वा थकवा असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारावे, "माझे ब-१२ तपासावे काय?" अमेरिकेतील मधुमेह संघटना अशी नियतकालिक तपासणी सुचविते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनीही २०२२ साली तसेच बजावले. आणि औषधाचा काही विपरीत परिणाम वाटला, तर भारत सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमास १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कळविता येते. २०१० पासून चालू असलेला हा कार्यक्रम डॉक्टरांइतकाच रोग्यांसाठीही आहे.

विरळा परिणाम विरळा का दिसतो? कधी तो खरोखर विरळा असतो म्हणून, आणि कधी कोणी सांगत नाही म्हणून. पहिल्याबद्दल संतोष मानावा; दुसऱ्याचा दोष आपण सर्वांनी मिळून दूर करावा.