गणवेश शासनाचा, संस्कार समाजाचा



पोलिसाला गणवेश शासन देते. त्या गणवेशातील माणूस मात्र समाज घडवितो. जपानचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे.

मेइजी पर्वात, 1872 साली, कावाजी तोशियोशी हा सामुराई परंपरेतील अधिकारी युरोपातील पोलीस व्यवस्थांच्या अभ्यासासाठी गेला. त्याने फ्रान्सची रचना विशेषत्वाने अभ्यासली आणि 1874 मध्ये तोक्योचे पोलीस दल उभे राहिले. आराखडा परकीय होता. त्यात प्राण ओतला तो जपानी समाजजीवनाने. शहरांच्या वस्त्यांत ‘कोबान’ नावाच्या छोट्या चौक्या आल्या. खेड्यांत ‘चुझाइशो’ आले. तेथे चौकीला लागूनच पोलिसाचे बिऱ्हाड असते. पोलीस घरोघरी जाऊन विचारपूस करतो, वाटसरूला पत्ता सांगतो. सापडलेले पाकीट चौकीत नेऊन द्यावे, हे मूल लहानपणीच शिकते. कायदा नंतर येतो, संस्कार आधी.

या चित्राला काळी बाजूही आहे. आरोपपत्रापूर्वी संशयिताला 23 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येते आणि कबुलीजबाबाला तेथे फार महत्त्व दिले जाते. त्यातून निरपराधांनाही शिक्षा झाल्या आहेत. विश्वासाला जागरूकतेची जोड नसली, तर तो आंधळा होतो.

केवळ नक्कलही पुरेशी नसते. सिंगापूरने 1983 पासून कोबानच्या धर्तीवर चौक्या उभारल्या. परंतु 1997 पासून ती रचना स्वतःच्या गरजेनुसार बदलली.

आता स्वदेशाकडे वळू. 1829 मध्ये रॉबर्ट पील यांनी लंडनसाठी नि:शस्त्र, नागरिकाभिमुख पोलीस दल स्थापिले. त्याच इंग्रजांनी 1857 च्या स्वातंत्र्यसमरानंतर, 1861 साली, भारतासाठी कायदा केला. मात्र आदर्श घेतला तो आयर्लंडला धाकात ठेवणाऱ्या सशस्त्र दलाचा. स्वतःच्या समाजासाठी रक्षक, पारतंत्र्यातील समाजासाठी पहारेकरी! 2006 साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे निर्देश दिले; त्यांची पूर्ण अंमलबजावणी बहुतेक राज्यांनी केलेली नाही.

शासनाला जाब विचारलाच पाहिजे. पण ‘झोप, नाहीतर पोलीस येईल’ असे आजही आपल्या घरांतून मुलांना सांगितले जाते. वाटेत सापडलेली वस्तू घेऊन निर्धास्तपणे चौकीची पायरी चढणारे मूल आपल्याकडे कधी दिसेल? त्यासाठी चौकीतील वागणूक बदलली पाहिजे, तशीच घरातील शिकवणही. हे दुसरे काम कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत नाही.